पेशवेकालीन पुण्याचं सिम्युलेशन: धान्य खाणं आणि अवजारं झिजणं कोडमध्ये कसं बसवायचं?

उच्छ्वास

नमस्कार मंडळी. शनिवार-रविवारचा उद्योग म्हणून एक सिम्युलेशन लिहितोय, अठराव्या शतकातलं पुणं आणि भोवतीचा मावळ-हवेली-पुरंदरचा पट्टा. पायथनमध्ये आहे, चित्रं वगैरे काही नाही, नुसते आकडे आणि आलेख, त्यामुळे घरात कोणी याला गेम म्हणायला तयार नाही. शहर १ लाख लोकांचं धरलंय, पेठा आहेत, पेठेत घरं उत्पन्नानुसार चार गटांत, बाहेर ४०० गावं, आणि मधे ने-आण करणारे बैलांचे तांडे. एक टिक म्हणजे एक दिवस. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मीठ, तेल, सरपण, कापड, कडबा, लोखंड, अवजारं, बैल असा माल.

पिकवायची बाजू बरी चाललीये. घोळ आहे तो खपाच्या आणि देखभालीच्या बाजूला. सध्या लूपमध्ये एकेक पेठ घेतो, लोकसंख्या गुणिले दरडोई खप इतकं धान्य साठ्यातून वजा करतो, साठा शून्यावर आला की थांबतो. यातून तीन गोष्टी दिसतात. एक, तुटवडा आला की कसबा पेठ मजेत आणि यादीत शेवटी असलेली भवानी पेठ उपाशी, कायम. दोन, गावातले नांगर दरमहा २ टक्के झिजायला हवेत पण वर्षानुवर्षं एकही मोडत नाही. तीन, आणि हे सगळ्यात त्रासदायक, सगळं सुरळीत चालू असताना एखादं वर्ष पाऊस कमी पडला की धान्य कमी, मग बैल कमी, मग पेरा कमी, आणि पाचसहा वर्षांत अख्खा पट्टा ओसाड. दुष्काळ यायला हवाच आहे मला, पण त्यातून कोणी कधी सावरतच नाही हे काही खरं नाही ना.

कोणी असलं काही केलंय का?

सदाशिव_पेठी

कसब्याला आधी मिळतं यात बग काय आहे? मानाचा पहिला गणपती तिथलाच. कोड बरोबर आहे, धागा बंद करा.

बॅचप्रोसेस

वरच्या महाशयांकडे दुर्लक्ष करा. मी आयुष्यभर बँकेच्या सिस्टिम लिहिल्या, त्या अनुभवावरून सांगतो. तुमचा पहिला प्रश्न म्हणजे लग्नाची पंगत आहे, वाढपी एका टोकाकडून जिलबी वाढत येतो आणि शेवटच्या पानापर्यंत परात रिकामी होते. इथे वाढप्याचा दोष नाही, परातीत किती आहे आणि पानं किती हे आधी कोणी मोजलंच नाही हा दोष आहे.

टिकचे तीन भाग करा. पहिल्या भागात कोणीही साठ्याला हात लावायचा नाही, प्रत्येकाने फक्त आपली मागणी नोंदवायची. दुसऱ्यात एकूण मागणी आणि एकूण साठा समोरासमोर ठेवून वाटप ठरवायचं. तिसऱ्यात ते वाटप खात्यात टाकायचं. समजा तीन पेठांची मागणी १००, ६० आणि ४०, साठा १५०. तुमच्या लूपने मिळणार १००, ५० आणि शून्य. प्रमाणात वाटलं तर ७५, ४५ आणि ३०. यादीचा क्रम उलटा केला तरी उत्तर तेच यायला हवं, हीच टेस्ट लिहून ठेवा: पेठांची यादी पिसून दोनदा चालवायचं, निकाल एक आला नाही तर कुठेतरी कोणीतरी वाटपाआधी हात मारतोय.

आणि साठा नावाचा एक आकडा ठेवून त्यातून वजाबाकी करत बसू नका. खतावणी ठेवा. प्रत्येक हालचालीला कुठून गेलं, कुठे गेलं, किती, कशासाठी अशी ओळ. खाल्लं ते 'खप' खात्यात, कुजलं ते 'नासधूस' खात्यात. रोज रात्री आरंभीची शिल्लक अधिक उत्पादन वजा खप वजा नासधूस बरोबर अखेरची शिल्लक हे जुळलंच पाहिजे, नाही जुळलं तर प्रोग्रॅम तिथेच थांबवायचा. पुढे ढकलायचं नाही.

उच्छ्वास

@बॅचप्रोसेस धन्यवाद काका. मी विचार करत होतो की दर टिकला यादी रँडम पिसावी, म्हणजे आज कसबा पहिली तर उद्या भवानी. ते सोपं पडेल का?

झेड_ब्रिज

मी गेम कंपनीत आहे (बाणेरला, आणि हो, ट्रॅफिकबद्दल विचारू नका). पिसणं चालतं, आम्ही काही ठिकाणी करतो, सीड (रँडमचा सुरुवातीचा आकडा) ठरवून दिलं की तोच खेळ पुन्हा तसाच चालवता येतो. पण तुमच्यासारख्या कामात नको, कारण सरासरीत अन्याय जातो पण रोज कोणीतरी एक पेठ पूर्ण उपाशी राहतेच, आणि तुम्ही भुकेवर मृत्यूदर किंवा स्थलांतर लावलं असेल तर एक दिवस पूर्ण उपास आणि चार दिवस पाऊणपोट यात फरक पडतो. आलेखात जो खडबडीतपणा दिसेल तो दुष्काळाचा की पत्ते पिसण्याचा हे पण कळणार नाही. काकांचंच करा.

फक्त एक, प्रमाणात वाटणं हा पण एक निर्णयच आहे, निसर्गनियम नाही. त्यावर नंतर लिहितो, मीटिंग आहे.

गणिती_काकू

उच्छ्वास, नांगर का मोडत नाहीत ते सांगते. तुमचे नांगर पूर्णांकात असणार. एका गावात ४० नांगर, २ टक्के म्हणजे ०.८, त्याचा पूर्णांक केला की शून्य. दर महिन्याला शून्य नांगर मोडतात, आणि ५० पेक्षा कमी नांगर असलेलं कुठलंही गाव अमर होतं. यावर दोन उपाय. एकतर उरलेली झीज बाजूला साठवा, या महिन्यात ०.८, पुढच्या महिन्यात १.६ झाली की एक मोडला आणि ०.६ पुढे नेली. किंवा ०.८ म्हणजे एक नांगर मोडण्याची ८० टक्के शक्यता असं धरून फासा टाका. पहिलं शांत आणि अंदाज करता येण्यासारखं, दुसरं जास्त जिवंत वाटतं. ४०० गावं आहेत तर मी पहिलं घेईन, पण सगळ्या गावांची सुरुवातीची साठवलेली झीज वेगवेगळी द्या, नाहीतर सारख्या आकाराच्या गावांतले नांगर एकाच दिवशी मोडतील आणि लोहारापुढे रांग लागेल.

धान्याचं मात्र उलट. ते तुम्ही फ्लोटमध्ये (दशांश अपूर्णांकात) ठेवलं असेल. कुठल्याही पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का विचारा, नाही म्हणेल. पन्नास वर्षं रोज असली बेरीज-वजाबाकी केली की काकांची खतावणी किंचित किंचित चुकत राहणार आणि तुम्ही शेवटी 'थोडा फरक चालेल' अशी सूट द्याल, आणि त्या सुटीच्या आड खरा बग लपेल. सगळ्यात लहान माप घ्या आणि पूर्णांकात मोजा. आपल्याकडे हे आयतं आहे की: दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. म्हणजे शेराला १६ निळवी, मणाला ७६८, खंडीला १५,३६०. सगळं निळव्यात ठेवा, दाखवताना खंडी-मण करा.

वाटपात अपूर्णांक येणारच. वरच्याच उदाहरणात साठा १५१ असेल तर ७५.५, ४५.३, ३०.२. खालचे पूर्णांक घेतले की १५० जातात, एक उरतो, तो सगळ्यात मोठा अपूर्णांक ज्याचा त्याला. पण रोज हाच आकडा आला तर रोज कसब्यालाच मिळेल, म्हणून न मिळालेला अपूर्णांक त्या पेठेच्या नावावर पुढे न्या. एका निळव्याने कोणी मरत नाही म्हणाल, पण सरपणाच्या गाड्या किंवा बैल वाटताना एक म्हणजे खूप असतो.

सदाशिव_पेठी

काकू, पायली हे मापी आहे, वजनी नाही. एक पायली ज्वारी आणि एक पायली तांदूळ वजनाला सारखे भरत नाहीत. शिवाय मणाचं माप गावोगाव वेगळं होतं. सरकारी ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे इंग्रजांच्या काळातलं, त्याचे साधारण ३७.३ किलो होतात, त्याचा तुमच्या बारा पायल्यांशी संबंध नाही. काय ते एक ठरवा.

गणिती_काकू

बरोबर आहे तुमचं, हे कोडमध्येसुद्धा महत्त्वाचं आहे. साठवणूक मापी ठेवा कारण कणगी भरते ती आकारमानाने, बैलावरचं ओझं वजनी ठेवा, आणि प्रत्येक धान्याला एक रूपांतराचा आकडा द्या. मापी आणि वजनी यांना वेगवेगळे टाइप द्या म्हणजे चुकून बेरीज झाली तर प्रोग्रॅमच ओरडेल. गावोगावची मापं सोडून द्या, सगळीकडे एकच. इतका इतिहास परवडणार नाही.

कणगीवाला

आमचं मार्केटयार्डात भुसार दुकान आहे, कोडिंगचा गंध नाही, मुलाने धागा दाखवला म्हणून लिहितोय. तुम्ही माणूस रोज जेवतो म्हणून रोज विकत घेतो असं धरलंय का? तसं नसतं. आमच्याकडे आजही एप्रिल-मे मध्ये वर्षाचे गहू-तांदूळ भरणारी गिऱ्हाइकं आहेत, आता कमी झालीत पण आहेत. तेव्हा तर पावसाळ्याची बेगमी केल्याशिवाय गत्यंतरच नसणार, घाट बंद, नद्यांना पूर, गाड्या रुततात. म्हणजे खाणं बारा महिने सारखं पण खरेदी वैशाखात उसळी मारणार आणि श्रावणात बाजार थंड. भाव पण तसेच हलणार. ज्याच्या हातात एकदम पैसे आहेत तोच सुगीच्या भावाने भरतो, मोलमजुरी करणारा आठवड्याला आठवड्याचं चढ्या भावाने घेतो. हे नसेल तर तुमचं पुणं पुणं वाटणार नाही.

दुसरं, नासाडी. सगळ्या धान्याला एकच टक्का लावू नका. कुठे ठेवलंय त्यावर आहे. जमिनीतलं पेव, घरातली कणगी, भिंतीतलं बळद, उघड्यावरची रास, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. पेवात हवा बंद होते, धान्याच्या श्वासाने आतला प्राणवायू संपतो आणि किडे मरतात, म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, माणूस गुदमरतो. पण कडेचं धान्य ओल धरतं, तेवढं जातं. आणि एकदा उघडलं की ते सगळं काढावं लागतं, थोडं थोडं काढून परत बंद करण्याचं ते काम नाही. कणगीत उलट, रोज हात घाला, पण पावसाळ्यात पोरकिडा ठरलेला, कडुनिंबाचा पाला आणि राख घालून जेवढं वाचेल तेवढं.

हल्लीचा अंदाज हवा असेल तर लुधियानाच्या सरकारी संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत तृणधान्यांची काढणीपासूनची एकूण नासाडी ४.६५ ते ५.९९ टक्के आली होती. तेव्हाची किती असेल ते तुम्ही ठरवा, पण याच्या खाली नको.

उच्छ्वास

@कणगीवाला साहेब हे सोनं आहे. म्हणजे प्रत्येक घराला 'किती खातो' आणि 'किती साठा असावासा वाटतो' असे दोन वेगळे आकडे, आणि दुसरा महिन्याप्रमाणे बदलणारा. बाजारातली मागणी म्हणजे हवा असलेला साठा वजा असलेला साठा अधिक आजचं जेवण, आणि वर हातातल्या पैशाची मर्यादा. मी आत्तापर्यंत पेठेचा एकच सामाईक साठा ठेवला होता, तो फोडावा लागणार.

पेव उघडणं म्हणजे सरळ एक घटना झाली, उघडायच्या आधी नासधुशीचा दर कमी, उघडल्यावर सगळा माल उघड्या राशीत आणि तिथला दर.

झेड_ब्रिज

मीटिंग संपली. स्पीडबद्दल. ४०० गावं, १२ माल, रोजची नासधूस, ५० वर्षं म्हणजे जवळपास पावणेनऊ कोटी गुणाकार, नुसते कुजण्याचे. साध्या पायथनच्या लूपमध्ये चहा पिऊन या. त्यापेक्षा प्रत्येक साठ्यावर शेवटचा हात कधी लागला ती तारीख ठेवा आणि कोणी काढायला किंवा टाकायला आलं तेव्हाच मधल्या दिवसांची नासधूस एकदम काढा. दर स्थिर असेल तर सरळ घात आहे. महिना २ टक्के म्हणजे महिन्याला ०.९८ ने गुणायचं, वर्षाला ०.९८ चा १२ वा घात, ०.७८५, म्हणजे साडेएकवीस टक्के गेलं, चोवीस नाही. रोजचा दर काढताना पण २ भागिले ३० करू नका, ०.९८ चं तिसावं मूळ काढा. फरक छोटा आहे, ०.०६७३ टक्के आणि ०.०६६७ टक्के, पण टिक दिवसाऐवजी आठवडा केला की निकाल बदलतो ही भानगड टळते.

पावसाळ्यात दर वेगळा हवाय ना, तर मग सुरुवातीलाच तारखेनुसार दरांची चढती बेरीज एका यादीत करून ठेवा. दोन तारखांमध्ये शिल्लक राहिलेला हिस्सा म्हणजे त्या दोन बेरजांच्या वजाबाकीचा ऋण घातांक, बाकीची नासधूस. एक वजाबाकी, एक घातांक, बास. मधे चार महिने गेले काय नि चार दिवस गेले काय.

बॅचप्रोसेस

यात एक धोका, रात्रीची जुळवणी कशी करणार? हात न लागलेल्या साठ्यांची नासधूस खात्यात आलेलीच नाही. महिनाअखेरीला सगळ्यांना एकदा हात लावून हिशेब पक्का करावा लागेल, बँकेत व्याज पण असंच रोज मोजून ठरल्या दिवशी खात्यात पडतं. रोजची जुळवणी सोडा, महिन्याची ठेवा. आणि घातांकातून आलेला आकडा पुन्हा निळव्यात बसवायचा आहे, काकूंची उरलेली झीज पुढे नेणं तिथेही लागू.

मोटकरी

पुरंदरचा आहे, शेती अजून आहे घरची. नांगराला टक्केवारीची झीज लावताय ते मला पटत नाही. टक्केवारी म्हणजे काल केलेला नांगर आणि आजोबांच्या वेळचा नांगर मोडायची शक्यता सारखीच. धान्याला ठीक आहे, लाकडाला-लोखंडाला नाही. लोखंडी फाळ झिजतो, लाकूड तडकतं, मोटेचं चामडं पाण्याने कुजतं, आणि हे सगळं वयाने वाढत जातं.

गणिती_काकू

@मोटकरी अगदी. अशा झिजेसाठी वायबुल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरचं वितरण वापरतात, त्याचा १९५१ चा लेख प्रसिद्ध आहे. त्यातला आकाराचा आकडा १ ठेवला तर वयाचा परिणाम नाही, १ पेक्षा मोठा ठेवला तर जुनं जास्त मोडतं. कोडमध्ये प्रत्येक नांगर वेगळा ठेवायची गरज नाही, वयाचे गट करा, शून्य ते एक वर्ष, एक ते दोन, असे आठदहा गट, वर्ष संपलं की सगळे एक घर पुढे सरकतात आणि प्रत्येक गटाचा मोडण्याचा दर वेगळा. याने अजून एक गंमत दिसेल, लढाईच्या धामधुमीत दोनतीन वर्षं नवे नांगर झालेच नाहीत तर लगेच काही जाणवत नाही, पाचसहा वर्षांनी एकदम खड्डा पडतो.

कणगीवाला

वयावरून आठवलं, तांदळाला जुनं होणं म्हणजे तोटा नाही बरं का. जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून भाव जास्त असतो. तुम्ही सगळीकडे आधी आलेलं आधी संपवा असा नियम लावाल तर ते चुकीचं होईल, मोठ्या घरी जुना ठेवून खातात, ज्याला परवडत नाही तो नवा खातो.

मोटकरी

दुरुस्तीच्या खर्चाबद्दल पण सांगायचंय. उच्छ्वास भाऊ, तुम्ही नांगर मोडला की शेतकऱ्याच्या पैशातून वजा करत असणार आणि पैसे नसले की नांगर तसाच पडून. गावात असं नव्हतं. लोहार, सुतार, चांभार हे बलुतेदार, वर्षभर फाळाला धार लावून देणार, नांगर-कुळव नीट करणार, मोट शिवून देणार, आणि त्याचं बलुतं सुगीला खळ्यावर धान्यात मिळणार. दर कामाला पैसे नाहीत. म्हणजे देखभाल ही वर्षाची बांधिलकी आहे, मोडण्याशी तिचा थेट संबंध नाही. पीक बुडालं तर बलुतेदाराचा वाटा पण बुडतो, पण काम त्याने केलेलं असतं आधीच.

शहरात मात्र रोख. तिथे तुमचं गणित चालेल.

उच्छ्वास

हे भारी आहे, कारण आत्ता माझ्याकडे दुरुस्तीचे पैसे शेतकऱ्याकडून कापले जातात आणि कुठेच जात नाहीत. लोहाराच्या खात्यात जमाच होत नाहीत. खतावणी लावल्या लावल्या हे बाहेर पडलं, दरवर्षी बाजारातले रुपये कमी होत होते आणि भाव विनाकारण उतरत होते.

झेड_ब्रिज

ऑनलाइन गेममध्ये लोक हे मुद्दाम करतात, दुरुस्तीचा खर्च म्हणजे पैसे बाहेर ओतायचं गटार, कारण राक्षस मारून नवे पैसे सतत येत असतात. तुमच्याकडे नवे पैसे टांकसाळीतूनच येणार, तर गटार नको.

बीएमसीसी_रोड

उशिरा आलो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तिसऱ्या प्रश्नाला कोणी नीट हात घातला नाहीये, सगळं ओसाड का होतं.

तुमच्या मालाच्या साखळ्या गोल आहेत. लोखंडाला अवजारं लागतात, अवजारांना लोखंड. समजा १ मण लोखंड काढायला ०.२ अवजार झिजतं आणि एका अवजाराला २ मण लोखंड लागतं. म्हणजे मणामागे ०.४ मण परत त्यातच जातं, ०.६ हाती उरतं. आता झीज वाढून ०.५ झाली तर मणामागे १ मण जातं, हाती शून्य. त्याच्याही पुढे गेलं तर ती अर्थव्यवस्था स्वतःलाच खाते, कितीही मेहनत केली तरी. लिओन्टिफ या अर्थतज्ज्ञाने हे कोष्टकात मांडलं (त्याला १९७३ चं नोबेल मिळालं), आणि कोष्टक जगण्यालायक आहे की नाही याची अट हॉकिन्स आणि सायमन यांनी १९४९ मध्ये दिली. तुमचे सगळे माल असे एका कोष्टकात लिहा आणि सिम्युलेशन चालवायच्या आधीच ही अट तपासा. पाऊस चांगला असताना अट जेमतेम पुरी होत असेल तर पहिल्या दुष्काळात कोसळणारच, त्यात कोडचा दोष नाही, आकड्यांचा आहे.

आकड्यांसाठी सुरुवात पोटापासून करा. आमच्या गल्लीतल्याच गोखले इन्स्टिट्यूटमधल्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषेसाठी माणशी रोज २२५० कॅलरी धरल्या होत्या. त्यातल्या ८० टक्के धान्यातून आल्या तर १८००, आणि ज्वारीच्या किलोला साधारण ३४५० धरल्या तर माणशी सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. १ लाखाच्या शहराला रोज ५२ टन. एका बैलावर शंभर-सव्वाशे किलो धरलं तर रोज चारशे ते सव्वापाचशे बैल शहरात यायला हवेत. तुमच्या वेशीवर रोज किती येतात ते मोजा, दीडशे येत असतील तर बाकी काही तपासायची गरज नाही.

मोटकरी

बैल कमी झाले की पेरा कमी हे बरोबर आहे पण बैल का कमी होतात ते बघा. ज्वारी पेरली की दाणे आणि कडबा दोन्ही येतं. दाणे माणसाला, कडबा बैलाला. तुम्ही कडबा वेगळं पीक म्हणून ठेवला असेल तर तो जमिनीसाठी ज्वारीशी भांडत असणार. घाण्यावर तेलाबरोबर पेंड निघते, ती पण जनावराला. आणि बियाणं! पुढच्या वर्षीचं बी वेगळं काढून ठेवलंय का, का माणसं ते पण खाऊन टाकतायत? शेतकरी उपाशी झोपेल पण बियाण्याला हात लावताना दहा वेळा विचार करतो.

उच्छ्वास

@मोटकरी ... खाऊन टाकतायत. कोडला 'धान्य' एवढंच कळतं.

झेड_ब्रिज

मग तेच तुमचं ओसाड पडण्याचं कारण. आणि मघाशी म्हणत होतो ते इथे येतं: तुटवड्यात कोणाचं आधी कापायचं हीच खरी डिझाइन आहे, वजाबाकी नाही. सगळ्यांना प्रमाणात, की आधी बियाणं बाजूला, मग माणसं, मग बैल, मग दारू गाळायला, की ज्याच्याकडे पैसे त्याला? एकाच पावसावर प्रत्येक नियमाने वेगळा इतिहास तयार होईल.

इमारतींना पण लावा हे. देखभाल नाही मिळाली तर लगेच बंद असं करू नका. कात्रजचा नळ घ्या, गाळ काढला नाही तर पाणी हळूहळू कमी होतं, आणि चार वर्षांनी गाळ काढला की परत येतं. प्रकृतीचा एक आकडा, शंभरपासून खाली सरकणारा, उत्पादन त्यावर अवलंबून, आणि खाली गेल्यावर देखभालीची गरजही थोडी कमी व्हायला हवी. निम्मं ओसाड गाव पूर्ण गावाइतका खर्च मागत राहिलं तर ते कधीच वर येणार नाही.

बीएमसीसी_रोड

गावात प्रमाणात किंवा नात्यागोत्याने, शहरात पैशाने, असं मिश्र ठेवा. १८०३-०४ चा दुष्काळ चाचणीसाठी घ्या, होळकरांच्या स्वारीनंतरचा, पुण्याला फार मोठा फटका बसला होता. नुसता पाऊस कमी करून तो दुष्काळ दिसणार नाही, लुटालूट, मेलेले बैल, बंद वाटा हे सगळं लागेल. आणि अमर्त्य सेन यांचा मुद्दा तुमच्या मॉडेलमध्ये आपोआप दिसायला हवा, की बाजारात धान्य असूनही मजूर उपाशी राहू शकतो कारण त्याच्या मजुरीत ते बसत नाही. मजुरी आणि भाव वेगवेगळे हलत नसतील तर हे कधीच दिसणार नाही.

श्रीमंत गटाला दुप्पट उत्पन्नावर दुप्पट ज्वारी खायला लावू नका. एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच सांगितलंय की उत्पन्न वाढतं तसा जेवणाचा वाटा घटतो. किमान गरज आधी, उरलेल्या पैशात तूप, तांदूळ, कापड. मिठाला तर भावाचा जवळपास परिणामच नको.

सदाशिव_पेठी

आमच्याकडे तूप हीच किमान गरज होती.

उच्छ्वास

तर बदल करून चालवलं. टिकचे तीन भाग, निळवी, खतावणी, बियाणं आधी बाजूला, कडबा ज्वारीबरोबर, बलुतं सुगीला. सगळ्यात मोठा फरक बियाण्याने पडला, मग कडब्याने. आता त्याच कमी पावसाच्या वर्षानंतर गावं निम्मी रिकामी होतात आणि मग हळूहळू भरतात, बैल सगळ्यात शेवटी सावरतात कारण ते वाढायला वर्षं लागतात. वैशाखात भाव चढतात ते पण दिसायला लागलं. हॉकिन्स-सायमनची अट तपासली तर पूर्वीच्या आकड्यांवर लोखंड खरंच जेमतेम काठावर होतं.

राहिला प्रश्न तांड्यांचा. वेशीवर बैल पुरेसे येत नाहीत कारण लांबच्या गावचे तांडे वाटेतच आपलं ओझं खातात. एका बैलाला रोज २ किलो दाणा धरलाय, जाऊन-येऊन २० दिवस म्हणजे ४० किलो, शंभरातले साठच पोचतात.

बीएमसीसी_रोड

हे तर फॉन थ्यूनन या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८२६ मध्ये घोड्यांसाठी मांडलं होतं, ओझं ओढणारं जनावरच ओझं खातं म्हणून एका अंतरापलीकडे धान्य पाठवणं परवडत नाही. तत्त्व बरोबर आहे, तुमचा आकडा चुकीचा आहे. बंजाऱ्यांचे बैल वाटेत चरत यायचे, दाणा विकत घेऊन घालत नव्हते. म्हणून तर ते इतकं लांब जाऊ शकत होते. चराई असलेल्या महिन्यांत दाणा शून्य धरा, वेग कमी धरा, आणि उन्हाळ्यात वाटेवरचं गवत संपलं की खर्च वाढवा. गवत पण एक साठाच आहे, एकाच वाटेने सगळे तांडे गेले तर ते संपतं.

कणगीवाला

आणि परत जाताना बैल रिकामा जात नसतो हो. देशावरून कोकणात धान्य घेऊन गेलेला तांडा येताना मीठ आणतो, नारळ आणतो. तुम्ही जाण्यायेण्याचा सगळा खर्च एकट्या ज्वारीवर टाकताय म्हणून ती महाग पडते. अर्धा मिठाच्या नावावर टाका.

उच्छ्वास

@कणगीवाला म्हणजे मीठ संपलं की ज्वारीचं भाडं पण वाढणार. आत्ता तांडा एका वेळी एकच माल नेतो, तो भाग परत लिहावा लागेल, ओझं म्हणजे मालांची यादी आणि प्रत्येक फेरीला दोन्ही टोकांच्या भावांचा फरक बघून भरणी. बोरघाट पावसाळ्यात बंदच ठेवतोय, म्हणजे मिठाची बेगमी पण वैशाखातच.

गणिती_काकू

मिठाला नासधूस लावताना जपून, पावसाळ्यात ते पाणी सुटून जातं पण किडत नाही. नासधुशीचा दर फक्त पावसाळ्याच्या चार महिन्यांत लावा, बाकी शून्य.